फिट येणाऱ्या मुलाचं ताट: भात वगळायचा, नारळ ठेवायचा

दही, ताक किंवा प्रोबायोटिकच्या पुड्यांनी फिट थांबतात याला पुरावा नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. पोटातल्या जिवाणूंचा फिटशी धागा ठळक सापडला तो उंदरांत. २०१८ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात कीटोजेनिक (कर्बोदकं अगदी कमी, चरबी भरपूर) आहारावरच्या उंदरांना अँटिबायोटिक देऊन जिवाणू मारले, तेव्हा फिटपासूनचं संरक्षणही गेलं. अकरमान्सिया आणि पॅराबॅक्टेरॉइडिस हे दोन जिवाणू पोटात सोडल्यावर ते परत आलं. माणसाच्या हाती आज आहे तो आहारच, १९२१ पासून वापरात असलेला.

दोन योग्य औषधं पूर्ण डोसात देऊनही फिट येत राहिल्या, तर मेंदूविकारतज्ज्ञांकडे या आहाराचा विषय काढा. त्यासाठी कोकणातून गोवा, कोल्हापूर किंवा मुंबई गाठावी लागली तरी आहारतज्ज्ञाशिवाय घरच्या घरी सुरू करू नका. शरीरात चरबी नीट न जळण्याचा जन्मजात दोष असेल तर हा आहार जिवावर बेततो. तपासण्या आधी करतात त्या म्हणूनच. चालू गोळ्या तशाच ठेवायच्या.

या आहाराचा आपल्याकडे जमण्यासारखा सैल प्रकार म्हणजे सुधारित अ‍ॅटकिन्स: दिवसाला साधारण १० ते २० ग्रॅम कर्बोदकं, बाकी भर चरबीवर. पेज, आंबोळी, घावणे सरळ बंद. कुळथाची पिठीही फसवी. दोन मोठे चमचे पिठात दहाएक ग्रॅम जातात. १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात मात्र सुमारे ३३ ग्रॅम चरबी आणि पचणारी कर्बोदकं सहाएक ग्रॅम. तेव्हा खोबरं किसल्यावर वजन करा, मगच रस काढा. सोलकढीत साखर-गूळ नको.

बांगडा निर्दोष, गडबड करतं त्याचं आवरण. एक मोठा चमचा तांदळाचं पीठ किंवा रवा म्हणजे सात-आठ ग्रॅम. तुकड्यांना हळद, तिखट, मीठ, आगळ (कोकमाचा रस) लावून अर्धा तास ठेवा, सुटलेलं पाणी निथळा, बाहेरून टिपून घ्या. पीठ नसलं की कातडी तव्याला धरते, म्हणून तवा आणि खोबरेल नीट तापल्यावरच मासा सोडा आणि कडा आपोआप सुटेपर्यंत उलथनं लावू नका.

पहिल्या आठवड्यात मूल मलूल दिसतं, बद्धकोष्ठ होतं, पाणी वाढवा. सुस्ती वाढली, उलट्या थांबेनात तर लगेच दवाखाना. लघवीच्या पट्टीवर कीटोन (चरबी जळताना तयार होणारे पदार्थ) अचानक उतरले तर आधी सर्दीचं गोड सिरप आठवा, मग गणपतीतला प्रसाद. मुलाला मोदक द्यायचा नाही हे शेजारच्या काकूंना आधीच सांगून ठेवलेलं सोपं. कॅल्शियम-व्हिटॅमिनच्या गोळ्या ठरल्याप्रमाणे. गुण येतो की नाही ते पाहायला तीनेक महिने द्या. बंद करायचा तर डॉक्टरांच्या सांगण्याने, टप्प्याटप्प्याने.

पावसाळ्यात अँटिबायोटिक लिहून देणाऱ्याला फिटच्या गोळीचं नाव आधी सांगा. सिप्रोफ्लॉक्सासिनमुळे फिट येण्याचा धोका वाढू शकतो. मेरोपेनेमने व्हॅल्प्रोएट या फिटच्या औषधाची रक्तातली पातळी कोसळते. शेतात उतरणाऱ्या मोठ्यांना लेप्टोसाठी (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) डॉक्सीसायक्लिन देतात. फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन ही फिटची गोळी चालू असेल तर डॉक्सीसायक्लिन शरीरातून लवकर निघून जातं. पण पोटातले जिवाणू मरतील या भीतीने गरजेचं अँटिबायोटिक मध्येच सोडू नका: ताप स्वतःच फिट ओढवतो.