द्राक्षबागेतला रोव्हर: ब्रेक क्लाउडवर ठेवू नका

हा रोव्हर म्हणजे द्राक्षाच्या ओळींतून स्वतः फिरून पानांवरचे रोग शोधायला चित्रं काढणारी छोटी गाडी. सहा चाकं, रॉकर-बोगी सांगाडा (चाकं सांध्यांवर वरखाली होणाऱ्या दांड्यांना जोडलेली), गिअरच्या मोटरी, रास्पबेरी पाय (हाताएवढा छोटा संगणक), कॅमेरा आणि फोरजी डोंगल तुमच्याकडे आहे असं धरून चालतो. चांद्रयान-३ च्या प्रज्ञानलाही हाच सांगाडा होता. त्यात स्प्रिंग नसते, तरी एक चाक ढेकळावर चढलं की बाकीची जमीन सोडत नाहीत. चाकाच्या खाचा मात्र खोल आणि विरळ ठेवा. निफाड-दिंडोरीकडची काळी माती ओली झाली की दाट खाचा भरून चाकाचा गुळगुळीत गोळा होतो.

वाट ओळखण्यासाठी चित्र एचएसव्हीमध्ये बदला, म्हणजे रंगछटा (ह्यू), गडदपणा आणि उजेड वेगवेगळे मोजता येतात. ओपनसीव्ही या चित्रं हाताळायच्या लायब्ररीत ह्यू ० ते १७९ असतो, हिरवा साधारण ३५ ते ८५ मध्ये सापडतो. वेलींच्या मांडवाखालच्या कवडशांनी आरजीबी (लाल-हिरवा-निळा अशी नेहमीची मोजणी) पार गोंधळतं.

आता खरी अडचण. ‘सगळी चित्रं क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या सर्व्हरवर पाठवा, निर्णय तिथून येईल’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो साफ चुकीचा आहे. दिंडोरीजवळच्या एका बागेत मी तसंच केलं होतं. वेग सेकंदाला अर्धा मीटर. मांडवाखाली सिग्नल पडला, ‘थांब’ दोन सेकंद उशिरा आलं आणि तेवढ्यात रोव्हर मीटरभर पुढे गेला. ठिबकची नळी चाकात गुंडाळली आणि निम्म्या ओळीची उपटून आली. बागवाले काका एक शब्द बोलले नाहीत, खाली बसून नळी जोडायला लागले. ते मला आजही आठवतं.

मंगळापर्यंत संदेश जायला ३ ते २२ मिनिटं लागतात, म्हणून तिथले रोव्हर दगड पाहून स्वतःच थांबतात. बागेतही तोच नियम: थांबणं आणि वळणं रोव्हरवरच ठरलं पाहिजे.

निर्णय रोव्हरवर आणले, पण तेवढ्यानंही माझा उशीर पूर्ण गेला नाही. मोबाईलवर स्टॉपवॉच लावून कॅमेऱ्यासमोर धरलं, तर पडद्यावरचा आकडा जवळजवळ एक सेकंद मागे. कॅमेऱ्याच्या फ्रेम (एकेक चित्र) बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, साचत होत्या आणि प्रोग्राम शिळी फ्रेम पाहून वळत होता. फ्रेम वाचायला वेगळा थ्रेड (प्रोग्रामचा समांतर चालणारा भाग) ठेवा, फक्त सगळ्यात ताजी फ्रेम वापरा, बाकीच्या टाकून द्या. ही स्टॉपवॉचची चाचणी झाल्याशिवाय रोव्हर बागेत नेऊच नका.

दुसरं, मोटरींचा ताबा वेगळ्या मायक्रोकंट्रोलरवर (एकच काम करणाऱ्या छोट्या चिपवर) द्या. ३०० मिलिसेकंदांत नवी आज्ञा आली नाही तर त्याने मोटरी बंद करायच्या. रास्पबेरी पायही कधीतरी अडकतो, तेव्हा हाच उपयोगी पडतो.

क्लाउडचं खरं काम पानांचं आहे. ६४० बाय ४८० चं एक कच्चं चित्र ९,२१,६०० बाइट्सचं होतं, म्हणून जेपीईजी करूनच साठवा. आधी मेमरी कार्डवर, नावात वेळ आणि ओळ क्रमांक घालून. घरच्या वायफायवर आल्यावर अपलोड. सर्व्हर मुंबईचा निवडा. डाऊनी आणि भुरी (द्राक्षाचे दोन बुरशीजन्य रोग) ओळखायचं मॉडेल तिथेच शिकवा, रोव्हरवरच्या रास्पबेरी पायला ते झेपत नाही.

मांडवाच्या बागेत दुसरा कॅमेरा आकाशाकडे तोंड करून बसवा. डाऊनीची पांढरी बुरशी पानाच्या खालच्या बाजूला येते, आणि रोव्हरला नेमकी तीच बाजू दिसते. रात्रीच्या ओलाव्यात वाढलेली बुरशी सकाळी ताजी असते, तेव्हा पहिली फेरी लवकर काढा. दवाचे थेंब काचेवर पडतात, सुती फडकं खिशात असू द्या.