हरळीची पेरं मोजा, मग नांगर जोडा

चैत्र सरत आला. गहू-हरभरा निघून रान मोकळं झालंय, ऊन चाळिशीला टेकलंय. ज्यांच्या रानात हरळी, म्हणजे आपली दूर्वाच, तण म्हणून माजली आहे त्यांच्यासाठी वर्षातले हेच पाच-सहा आठवडे कामाचे. मृगाचा पाऊस पडला की मग पुढच्या उन्हाळ्याची वाट बघायची.

नांगर जोडण्याआधी एक काम करा. हरळीच्या पट्ट्यात जाऊन खुरप्यानं वीतभर खोल उकरा आणि एक काशी न तोडता बाहेर काढा. जमिनीवर पसरलेला जांभळट-हिरवा दोरा वेगळा आणि मातीतली ही पांढरी, टणक, खवल्यांची काशी वेगळी. पण दोन्ही खोडंच आहेत, एक जमिनीवर आडवं धावतं, दुसरं जमिनीखाली. काशीवरून नख फिरवत न्या, साधारण इंचाइंचावर पेर लागेल. पेरावरचं पातळ खवलं सोललं की टोकदार पांढरा डोळा दिसतो. वीतभर काशीत असे आठ-दहा डोळे सहज निघतात. खाली मुळ्या सुटतात त्या पेरातूनच आणि वर कोंब येतो तोही तिथूनच. दूर्वेला मंत्रातसुद्धा कांडाकांडातून उगवणारी म्हटलंय, ते उगीच नाही. उसाचं बेणं आपण डोळे बघून लावतो ना, तसं हे हरळीचं तयार बेणं आहे.

आणि ते बेणं आपणच रोटाव्हेटरनं रानभर लावतो.

मी ही चूक केली आहे म्हणून कळकळीनं सांगतो. वळवाचा पाऊस झाला होता, जमीन ओली होती, भाड्याचा ट्रॅक्टर दारात उभा होता. कोपऱ्यात खाटेएवढी हरळी होती. रोटाव्हेटर त्यावरून गेला आणि तसाच सरळ पुढं गेला. रान गादीसारखं मऊ झालं, बघून बरं वाटलं. सोयाबीन उगवलं तेव्हा त्या कोपऱ्यापासून थेट विहिरीपर्यंत ट्रॅक्टरच्या रेषेत हरळीचे कोंब वर आले होते. पुढं तीन उन्हाळे त्या रेषेवर बायामाणसं लावून काश्या वेचल्या. अख्खी काशी ओढून काढता येते. दोन-दोन पेरांचे तुकडे मातीत कालवले गेले की ते हाताला लागतच नाहीत. ओल मिळाली की त्यातल्या बहुतेक तुकड्यांना आपापला डोळा फुटतो.

म्हणून हरळीच्या रानात पहिली पाळी पलटी नांगराचीच, तीही कोरड्यात. नऊ-दहा इंच खोल जाऊ द्या. भारी जमिनीत बहुतेक काश्या वरच्या वीतभर थरात असतात, हलक्या जमिनीत त्याहून खाली जातात. नांगरट झाली की ढेकळं लगेच फोडायची घाई करू नका. तीन-चार आठवडे ती तापू द्या. काळ्या रानात ढेकूळ आतपर्यंत सुकतं आणि त्याच्याबरोबर आत अडकलेली काशीही सुकते. मग मोगडा उभा-आडवा घाला. त्याच्या फणांना काश्यांचे झुपके अडकून वर येतात, ते वेचून घ्या. वेचणीची मजुरी महाग वाटते हे मला माहीत आहे. पण हरळी पहिल्या वर्षी कोपऱ्यात असते तेव्हाच ही मजुरी परवडते, पाच वर्षांनी परवडत नाही.

वेचलेलं टाकायचं कुठं, इथं बहुतेकांचं चुकतं. बांधावर ढीग घातला की खालचा थर ओलाव्याला चिकटतो, पावसाळ्यात तिथंच रुजतो आणि बांधावरून परत रानात उतरतो. उकिरड्यावर ओली काशी टाकली तर शेणखताबरोबर ती दुसऱ्या तुकड्यात जाते. मुरमाड, उघड्या जागी किंवा खडकावर पातळ पसरा, एकदा उलटी करा. काशी मोडल्यावर काडीसारखी कटकन तुटली तर ती मेली. वाकली तर अजून जिवंत आहे.

मधेच वळीव झाला तर घाबरू नका, पण बसूनही राहू नका. चार-पाच दिवसांत अर्धमेल्या काश्यांना कोंब फुटतो. वाफसा आला की लगेच मोगडा फिरवून त्या पुन्हा उन्हात आणा. कोंब काढताना काशीनं साठवलेलं अन्न खर्च झालेलं असतं, त्यामुळं या वेळचा फटका तिला जास्त बसतो.

हरळीला सगळ्यात जास्त कशाचं वावडं असेल तर सावलीचं. जुन्या आंब्याखाली बघा, बुंध्याकडं जाल तशी ती विरळ होत जाते. म्हणून वेचणी झालेल्या पट्ट्यात जूनमध्ये ताग दाट पेरा. दीड-दोन महिन्यांत तो डोक्याएवढा होतो, खाली ऊन पोचू देत नाही आणि फुलावर यायच्या सुमारास गाडला की जमिनीला खतही मिळतं. त्या पट्ट्यात कांदा किंवा लसूण पहिल्या वर्षी तरी घेऊ नका. उभ्या, बारीक पातीची ही पिकं जमीन झाकत नाहीत, हरळीला मोकळं अंगण मिळतं.

तणनाशक औषधाबद्दल थोडक्यात. सोयाबीन, कपाशीसारख्या रुंद पानांच्या पिकात क्विझालोफॉप इथाईल हरळीला दाबतं, पण एका फवारणीत काशी मरत नाही. ग्लायफोसेट काशीपर्यंत उतरतं, मात्र पान हिरवं, वाढतं आणि धूळ नसलेलं असेल तरच. उन्हाळ्यात करपलेल्या हरळीवर ते मारणं म्हणजे पैसे मातीत. गढूळ पाण्यातही त्याची ताकद जाते. केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याच्या वापरावर निर्बंध घालणारी अधिसूचना काढली होती. त्यामुळं आज काय नियम लागू आहे ते तालुका कृषी कार्यालयात विचारूनच हात घाला आणि मात्रा लेबलवरचीच धरा.

लव्हाळ्याला मात्र हरळी समजू नका. काडी दोन बोटांत फिरवून बघा, तीन कडा लागल्या तर तो लव्हाळा. त्याच्याही खाली आडवे धागे धावतात, पण त्यांच्यावर माळेसारख्या काळ्या गाठी असतात आणि प्रत्येक गाठीत अनेक डोळे. वरून उपटला तर माळ तुटते, गाठी खाली राहतात. क्विझालोफॉप त्याला लागू पडत नाही, कारण तो गवतच नव्हे. त्याचा कोंब मल्चिंगचा कागदही भोसकून वर येतो, म्हणून लव्हाळ्याच्या रानात टोमॅटो किंवा मिरचीसाठी कागद अंथरण्याआधी दोनदा विचार करा. उसात आणि मक्यात त्याच्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल आहे.

आडवं धावण्याची हीच खोड दुसरीकडं लोकांचं पोट भरते. महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या सगळ्या पिकाची रोपं रनरपासून होतात. मदर प्लांटनं धावता दोर सोडला की त्याच्या पेरावरचं रोप मातीच्या पिशवीत टेकवतात. मुळ्या धरेपर्यंत आई दोरातून अन्न पुरवते, मग दोर कापतात. तेच शेतकरी पुढं फळं लागल्यावर सुटलेले रनर खुडून टाकतात, कारण दोर पळाला की फळाचा वाटा जातो. रताळ्यातही तेच. वेल पेरापेरावर रुजू दिला तर मुख्य गड्ड्याचं पोषण वाटलं जातं, म्हणून वाढीच्या काळात वेल उचलून फिरवायचा.

बांधावरची हरळी काढू नका, असं मी आग्रहानं सांगेन. उताराच्या रानात पावसाचं पाणी बांध कापतं तेव्हा माती धरून ठेवते ती हीच. जनावरांना चारा होतो, गणपतीला दूर्वा मिळतात. फक्त बांध आणि पीक यांच्यामध्ये हातभर रुंदीची पट्टी नागडी ठेवा. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा फेरी मारा. वरचा दोरा त्या मोकळ्या मातीवर आला की लगेच दिसतो आणि त्याची पेरं रुजायच्या आत विळ्यानं कापून बांधाकडं फेकता येतो.

भाड्याचं अवजार रानात शिरण्याआधी त्याची पाती बघा. आधीच्या रानातल्या काश्या तिथं गुंडाळलेल्या असतात. दहा मिनिटं थांबवून त्या काढून घ्यायला लावा, चालक कुरकुरला तरी.

रोहिणी लागायच्या आठवडाभर आधी एक तपासणी करा. रानातून पाच-सहा ठिकाणच्या वाळलेल्या काश्या गोळा करा, पत्र्याच्या डब्यात दोन बोटं मातीखाली पुरा, रोज थोडं पाणी घाला आणि डबा अंगणात ऊबदार जागी ठेवा. दहा-पंधरा दिवसांत एकही कोंब आला नाही तर पेरणीची तयारी करा. दोन-तीन वर आले तर पाऊस यायच्या आत मोगड्याची अजून एक पाळी घाला आणि पुन्हा वेचा.