छोट्या पेट्रोल गाडीचा टॉर्क कसा वाढवावा

टॉर्क म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, तो न्यूटन मीटरमध्ये मोजतात. टर्बो (हवा दाबून भरणारा पंखा) नसलेल्या इंजिनाचा टॉर्क मुख्यतः एकाच गोष्टीवर ठरतो: दर फेरीला सिलिंडरमध्ये हवा किती भरते. वॅगन आरचं ९९८ सीसीचं इंजिन पेट्रोलवर ३५०० आरपीएमला ८९ न्यूटन मीटर देतं. तेच इंजिन सीएनजीवर ८२ च्या आसपास येतं, कारण गॅस हवेची जागा खातो. महाबळेश्वरला चढलात की हवाच साधारण १२ टक्के विरळ असते, तेवढा टॉर्क आपोआप जातो. लिटरमागे नव्वद न्यूटन मीटर हा आकडा वाईट नाही. रस्त्यावरच्या साध्या इंजिनाला तो शंभरच्या पुढे नेणं खर्चिक काम आहे. म्हणून गाडी ६०-७० हजार किलोमीटर चाललेली असेल, तर आधी गेलेला टॉर्क परत मिळवा. बहुतेकांना तेवढाच पुरतो.

१. आधी मोजा

सपाट, मोकळा रस्ता निवडा. एसी बंद करा, टायरमध्ये हवा बरोबर भरा. तिसऱ्या गिअरमध्ये ३० वरून पूर्ण अॅक्सिलरेटर दाबून ६० ला पोहोचायला किती सेकंद लागतात ते सोबतच्या माणसाला टिपायला सांगा. दोन्ही दिशांनी तीन-तीन वेळा करा आणि सरासरी काढा. पुढे प्रत्येक कामानंतर हीच चाचणी. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

२. इंजिनाची तब्येत

कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमध्ये दाब किती तयार होतो ते मोजणं) टाळून पुढचं काही करू नका. इंजिन गरम करा, फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, इग्निशन कॉइलचे कनेक्टर सोडवा आणि सगळे प्लग बाहेर काढा. (अॅल्युमिनियमच्या हेडमधला (सिलिंडरवरच्या झाकणातला) प्लग कडक लागला तर जोर करू नका, इंजिन गार होऊ द्या. प्लगच्या भोकातले आटे गेले तर खर्च मोठा आहे.) बॅटरी पूर्ण चार्ज हवी. प्रेशर गेज एकेका प्लगच्या भोकात बसवा. अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा, म्हणजे थ्रॉटल (हवेची झडप) उघडा राहील, आणि काटा स्थिर होईपर्यंत, म्हणजे पाच-सहा ठोके, स्टार्टर फिरवा. किती पीएसआय यायला हवेत ते मॅन्युअलमध्ये असतं, पण त्याहून महत्त्वाचा आहे सिलिंडरांमधला फरक. तो १० टक्क्यांच्या वर गेला तर कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चांगला वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत किंवा हेड गॅस्केट गेलं आहे. सीएनजीच्या गाड्यांत व्हॉल्व्ह सीट झिजून टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट) कमी होत जातो आणि व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. आवाज येत नाही म्हणून कोणी बघत नाही, आणि पिकअप हळूहळू जातो. हायड्रॉलिक टॅपेट नसलेल्या इंजिनात हा क्लिअरन्स फीलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने) तपासून घ्याच.

दुसरं हत्यार व्हॅक्युम गेज. ते इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या भागाच्या) नळीला जोडा. निरोगी इंजिन आयडलला समुद्रसपाटीजवळ पाऱ्याचे १७ ते २१ इंच दाखवतं. पुण्याच्या उंचीवर त्यातून दोन इंच वजा धरा. मग २५०० आरपीएम धरून ठेवा. काटा हळूहळू खाली सरकत गेला तर एक्झॉस्ट तुंबला आहे, बहुधा धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. अशी गाडी खालच्या आरपीएमला बरी वाटते आणि वर गेली की गुदमरते.

३. ठिणगी आणि ऑइल

प्लगचा गॅप मॅन्युअलप्रमाणे ठेवा. झिजून वाढलेला गॅप पूर्ण लोडवर मिसफायर देतो, आयडलला कळतही नाही. गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारा ओबीडी अॅडॉप्टर असेल तर चढावर इग्निशन अॅडव्हान्स (ठिणगी किती आधी पडते) पाहा. नॉक (इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक) ओळखणारा सेन्सर ठिणगीचं टायमिंग मागे ओढत असेल तर आत कार्बन साचला आहे किंवा इंजिन जास्त तापतं आहे. अशा वेळी जास्त ऑक्टेनचं पेट्रोल खरोखर फरक देतं. नॉकच नसेल तर ते पैसे वाया.

व्हीव्हीटी (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारी यंत्रणा) असलेल्या इंजिनात ऑइल सांगितलेल्याच ग्रेडचं हवं. जाड किंवा मळलेल्या ऑइलने कंट्रोल व्हॉल्व्ह अडकतो आणि नेमका खालचा टॉर्क जातो.

४. गार हवा आत येऊ द्या

एअर फिल्टर बदला आणि मूळ पाइपासह बसवा. ही लांबट नळी बोनेटच्या पुढच्या भागातून गार हवा घेते. ती काढून उघडा कोन फिल्टर लावला की आवाज भारी येतो, पण इंजिन बोनेटखालची तापलेली हवा ओढतं. ३० अंशांऐवजी ६० अंशांची हवा म्हणजे ९ टक्के विरळ हवा. पैसे देऊन टॉर्क घालवण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

थ्रॉटल बॉडी साफ केल्याने आयडल सुधारतं. पूर्ण दाबल्यावरच्या टॉर्कमध्ये फारसा फरक नाही. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची चकती इग्निशन चालू असताना हाताने ढकलू नका.

५. इंजिनाबाहेर हरवलेली ओढ

चौथ्या गिअरमध्ये चढावर पूर्ण दाबल्यावर आरपीएम चढतो पण वेग नाही, तर क्लच घसरतो आहे. जॅक लावून चाक हाताने फिरवा. अडकत फिरलं तर ब्रेक धरून आहे.

आणि टायर. १६५/७० आर१४ चा व्यास ५८७ मिमी, १८५/६५ आर१५ चा ६२२. मोठे टायर दिसतात छान, पण चाकाशी मिळणारी ओढ जवळपास ६ टक्क्यांनी घटते, शिवाय वजन वाढतं. मूळ मापावर परत या, घाटात लगेच कळेल.

६. यापुढे वाढवायचं असेल तर

ईसीयू रीमॅपने (इंजिनाच्या संगणकातली सेटिंग बदलून) टर्बो गाड्यांना मिळतो तसा लाभ इथे नाही. सहसा पाचेक टक्क्यांच्या आत-बाहेर. पेडलला जोडायचे थ्रॉटल कंट्रोलर तर टॉर्क अजिबात वाढवत नाहीत, थ्रॉटल फक्त लवकर उघडतात. मोठ्या व्यासाचा फ्री-फ्लो एक्झॉस्ट टाळा: खालच्या आरपीएमला गॅसचा वेग मंदावतो आणि घाटात लागणारा टॉर्कच पडतो. कन्व्हर्टर काढणं बेकायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली मूळ रचनेतल्या बदलांवर बंधनं आहेत, विम्याचा दावाही अडू शकतो. त्यामुळे कोणताही बदल आधी आरटीओत विचारून घ्या.

हेड घासून कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधली हवा किती पट दाबली जाते) एकाने वाढवला तर २-३ टक्के मिळतात, पण आपल्या उन्हाळ्यात नॉकची भीती त्याहून मोठी. माझ्या मते ते करण्यासारखं नाही.

घाटात खरा फरक पाडतो तो फायनल ड्राइव्ह, म्हणजे गिअरबॉक्सची शेवटची दात्यांची जोडी (क्राउन-पिनियन). त्याच गिअरबॉक्सच्या जड मॉडेलमधला क्राउन-पिनियन ८ टक्के आखूड (वेग कमी, ओढ जास्त देणाऱ्या) रेशोचा मिळाला, तर प्रत्येक गिअरमध्ये चाकाशी ८ टक्के जास्त ओढ मिळते, इंजिनला हात न लावता. बेअरिंगचे शिम (फट भरणाऱ्या पातळ चकत्या) नव्याने मोजूनच बसवा, नाहीतर गिअरबॉक्स घुं-घुं करायला लागेल. हायवेला १०० च्या वेगाला ३००० आरपीएम होत असतील तर आता ३२४० होतील. मायलेज थोडं उतरेल. स्पीडोमीटरचा सेन्सर डिफरन्शियलवर आहे की गिअरबॉक्सच्या शाफ्टवर, ते आधी पाहा. शाफ्टवर असेल तर वेगाचा आकडा चुकेल, तो दुरुस्त करून घ्यावा लागेल.