रोजच्या ये-जासाठी जुनी गाडी घेताना: पॉलिसीवर नाव कुणाचं?

मागच्या वेळी मी गाडी चांगली पारखून घेतली होती. इंजिनचा आवाज, टायर, चेसिस नंबर, सर्व्हिसच्या नोंदी, सगळं बघितलं. आरसी (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र) महिन्याभरात माझ्या नावावर झाली. पॉलिसीचे अजून सात महिने शिल्लक होते, म्हणून ती तशीच डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवून दिली. चौथ्या महिन्यात नवले पुलाच्या उतारावर पुढच्यानं करकचून ब्रेक मारला, मी गाडी डावीकडे घेतली आणि ती कठड्याला घासत गेली. दुरुस्तीचा खर्च ५८ हजार. विमा कंपनीनं एक रुपया दिला नाही, कारण पॉलिसीवर नाव जुन्या मालकाचं होतं. त्याची गाडी उरली नव्हती आणि माझा कंपनीशी करार नव्हता. आता दुसरी गाडी बघतेय, म्हणून ही तयारी लिहून काढली.

एक गोष्ट आत्ताच सांगते आणि पुढेही सांगणार आहे: पॉलिसी १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. आरसीचं काम आरटीओत होतं, पॉलिसीचं विमा कंपनीत. एक झालं म्हणून दुसरं होत नाही.

सुरुवात किलोमीटरपासून करा. माझं धायरी ते हिंजवडी जाऊन-येऊन ४५ च्या आसपास होतं. महिन्याचे २२ दिवस धरले की हजार किलोमीटर. कंपनीचा मायलेजचा आकडा हिशेबात घेऊ नका. वॅगन आर सीएनजीला कागदावर किलोमागे ३४.०५ किलोमीटर आहेत, पण वाकडच्या रांगेत ते कुणाला मिळत नाहीत. मी सीएनजीला २४ आणि पेट्रोलला १६ धरते. पेट्रोल १०४ रुपये आणि सीएनजी ९० धरला तर महिन्याला साडेसहा हजार विरुद्ध पावणेचार हजार. हजार किलोमीटर असतील तर सीएनजी परवडतो. तुमचे चारशेच होत असतील तर सिलिंडरपायी डिकी घालवून पंपावर रांगेत उभं राहण्यात अर्थ नाही, साधी पेट्रोल घ्या.

बाहेरून सीएनजीचं किट बसवलेली गाडी असेल तर किटची नोंद आरसीवर हवी आणि पॉलिसीवरही हवी. सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी लागते, तिचं प्रमाणपत्र मागा. नसेल तर ती गाडी सोडा. स्वस्त मिळतेय म्हणून अजिबात मोहात पडू नका.

मग इंजिनचा आकार. थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा, सक्तीचा असतो आणि त्याचा दर सरकार ठरवतं, त्यामुळे तिथं घासाघीस चालत नाही. जून २०२२ पासूनच्या दरानं १००० सीसीपर्यंतच्या गाडीला वर्षाला २,०९४ रुपये, १००० ते १५०० पर्यंत ३,४१६, त्याच्या पुढे ७,८९७, जीएसटी वेगळा. अल्टो के१०, सेलेरिओ, क्विड हजाराच्या आत बसतात. टियागो ११९९ सीसीची, म्हणजे वरच्या गटात. वॅगन आर दोन्हीकडे आहे: ९९८ चं इंजिन खालच्या गटात, ११९७ चं वरच्या. बाहेरून गाडी तीच दिसते, तेव्हा आरसीवरचा सीसीचा आकडा स्वतः वाचा. एकट्यानं ऑफिसला जायला हजार सीसी पुरतं. घाट नेहमीचा असेल तरच वरचं इंजिन बघा.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता मात्र कंपनीगणिक बदलतो. तो गाडीच्या घोषित किमतीवर, वयावर आणि नोंदणीच्या शहरावर ठरतो. पुणे-मुंबई ‘अ’ विभागात येतात, सातारा-कोल्हापूर ‘ब’ मध्ये, आणि ‘ब’ चा दर थोडा कमी. म्हणून गाडी बघायला जाण्याआधीच तिचा नंबर मागून घ्या आणि दोन-तीन ठिकाणी हप्ता काढून बघा. तो काढताना नो क्लेम बोनस, म्हणजे आधी दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्य धरा. जुन्या मालकाला ४५ टक्के सूट मिळत असेल, पण ती त्याच्या चांगल्या चालवण्याची आहे, गाडीबरोबर तुमच्याकडे येत नाही. पॉलिसी नावावर करताना उरलेल्या महिन्यांचा तो फरक तुम्हाला भरावा लागतो. हीच रक्कम ऐकून लोक ‘नूतनीकरणाच्या वेळी बघू’ म्हणतात. मीही तेच म्हणाले होते, अडीच हजारांसाठी. अडीच हजार वाचवायला गेले आणि ५८ हजार भरले. उलट तुमची स्वतःची जुनी गाडी विकली असेल तर तिचा बोनस राखून ठेवल्याचं पत्र आपल्या कंपनीकडून घ्या. ते तीन वर्षं चालतं.

‘थर्ड पार्टी तर आपोआप येते ना?’ असं एजंटही सांगतात. हो, येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ नुसार तुमच्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते संरक्षण नव्या मालकाकडे आलं असं धरतात. तुमच्या गाडीच्या नुकसानीला ते लागू नाही. सर्वोच्च न्यायालयानं हे नव्वदच्या दशकातच स्पष्ट केलंय. अर्धं खरं ऐकून मी निर्धास्त राहिले. तुम्ही राहू नका.

पॉलिसीवरची जादा कव्हरं किती घ्यायची? झीरो डेप (सुट्या भागांच्या घसाऱ्याचे पैसे न कापणारं कव्हर) गाडी पाच वर्षांच्या आतली असेल तर घ्या. एरवी प्लास्टिक आणि रबराच्या भागांचे निम्मे पैसे तुमच्याकडून जातात, आणि हल्लीच्या बंपरात प्लास्टिकच असतं. इंजिनाच्या नुकसानीचं जादा कव्हर पार्किंग बघून ठरवा. जुलै २०२४ मध्ये एकतानगरीत मुठेचं पाणी शिरलं तेव्हा पाण्यात उभ्या गाड्या आम्ही जवळून बघितल्या. पाण्यातली गाडी चालू करायला जाऊन इंजिन गेलं तर साधी पॉलिसी ते भरून देत नाही. बाकीची कव्हरं एजंट आग्रहानं सांगतो, पण मला ती लागली नाहीत.

गाडी प्रत्यक्ष बघणं तुम्हाला येतंच. ओळखीचा मेकॅनिक न्या, सकाळी थंड इंजिन चालू करून बघा, कार्पेट उचलून गंज आणि चिखल बघा.

टोकन देण्याआधी परिवहनच्या ॲपवर नंबर टाकून कर्जाचा बोजा, विम्याची मुदत आणि चलनं बघा. बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ लागतो. चलनं विकणाऱ्यानं भरायची.

व्यवहाराच्या दिवशी मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या. त्याच बैठकीत चालू पॉलिसीची प्रत घ्या आणि विमा कंपनीच्या नावचा हस्तांतराचा अर्ज त्याच्याकडून सही करून घ्या. पुढच्या आठवड्यात तो फोन उचलेल याची खात्री नसते. दुसरा रस्ता याहून सोपा: त्यानं आपली पॉलिसी बंद करून बोनस राखून घ्यायचा, आणि तुम्ही ताब्याच्या तारखेपासून नवी पॉलिसी काढायची. या वेळी मी हेच करणार आहे. किल्ली हातात घेण्याआधी पॉलिसीची पीडीएफ उघडून विमाधारकाच्या रकान्यातलं नाव वाचा. तिथं तुमचं नाव नसेल तर गाडी तिथंच राहू दे, रिक्षानं घरी या.

नंतरचं किरकोळ आहे. जुना फास्टॅग त्याला बंद करायला सांगा, पीयूसी, नवी नंबरप्लेट, दुसरी किल्ली. आरसी आली की तिच्यावरचं आणि पॉलिसीवरचं नाव अक्षरशः जुळतंय का, तेवढं बघून घ्या.