मोटारबोटीवरील डिझेल जनरेटरची देखभाल स्वतः कशी करावी

मोटारबोटीवरील जनरेटर बहुधा इंजिन खोलीच्या कोपऱ्यात, आवाज अडवणाऱ्या पेटीत बंद असतो आणि एसी, फ्रीज व बॅटरी चार्जर चालू आहेत तोवर त्याची कोणाला आठवण होत नाही. तो बंद पडल्यावर कारण शोधू लागले, तर ते पिस्टन किंवा वाइंडिंगमध्ये क्वचितच सापडते. बहुतेक वेळा ते समुद्राचे पाणी आत येऊन बाहेर पडते त्या वाटेवर असते. ही वाट बोटमालकाला स्वतःच्या हाताने उघडता, तपासता आणि साफ करता येते. पुढील माहिती साधारण ५ ते २० किलोवॅट क्षमतेच्या, पाण्याने थंड होणाऱ्या डिझेल जनरेटरसाठी आहे. तास, माप आणि ऑइलचा दर्जा यांबाबत शेवटचा शब्द आपल्या यंत्राच्या पुस्तिकेचा मानावा.

काम सुरू करण्यापूर्वी

अनेक जनरेटर केबिनमधील बटणावरून किंवा बॅटरी उतरल्यावर आपोआप सुरू होतात. त्यामुळे पेटी उघडण्याआधी जनरेटरचा मुख्य स्विच बंद करावा, बॅटरीची ऋण तार काढून बाजूला बांधून ठेवावी आणि किनाऱ्यावरून येणारी वीज व इन्व्हर्टर हेही बंद असल्याची खात्री करावी. त्यानंतर जनरेटरचा सीकॉक, म्हणजे बोटीच्या तळातून पाणी आत घेणारा झडपेचा नळ, बंद करावा आणि जनरेटरची किल्ली त्याच्याच दांड्याला अडकवून ठेवावी. किल्ली घ्यायला गेलेल्या माणसाचा हात आपोआप सीकॉकवर पडतो आणि तो बंद ठेवून जनरेटर सुरू करण्याची चूक टळते. २३० व्होल्टची बाजू, म्हणजे वाइंडिंग, व्होल्टेज रेग्युलेटर आणि वितरण पॅनेल, जाणकार इलेक्ट्रिशियनकडेच सोपवावी. ओलसर जागेत त्या विजेचा धक्का जिवावर बेततो.

समुद्राच्या पाण्याची वाट

पाणी सीकॉकमधून स्ट्रेनरमध्ये, म्हणजे कचरा अडवणाऱ्या गाळणीत, येते. तेथून इंपेलरचा पंप ते हीट एक्स्चेंजरमध्ये ढकलतो, तेथे इंजिनातील कूलंटची उष्णता घेऊन ते एक्झॉस्टच्या कोपरात धुरात मिसळते आणि मफलरमधून धुराबरोबर बाहेर फेकले जाते. तपासणीही याच क्रमाने करावी.

स्ट्रेनरची जाळी प्रत्येक फेरीपूर्वी पाहावी. मुंबई बंदरात आणि खाड्यांमध्ये ओहोटीच्या वेळी गाळ, शेवाळ आणि प्लास्टिकच्या पिशव्यांचे तुकडे सर्रास आत ओढले जातात, त्यामुळे येथे ही सवय खोल समुद्रातल्यापेक्षा अधिक गरजेची आहे. जाळी धुऊन झाकण बसवताना त्याचे रबरी वायसर तपासावे, कारण तेथून हवा शिरली तर पंप पाणी ओढू शकत नाही.

इंपेलर हे रबरी पात्यांचे छोटे चक्र कोरडे फिरले, तर काही क्षणांतच त्याची पाती जळू किंवा तुटू लागतात. वर्षातून एकदा तो बदलावा आणि एक नवा इंपेलर गॅस्केटसह बोटीवर कायम ठेवावा. पंपाचे झाकण उघडून जुना इंपेलर काढावा आणि त्याची पाती मोजावीत. एखादे पाते किंवा त्याचा तुकडा कमी भरला, तर तो पाण्याबरोबर पुढे जाऊन बहुधा हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकलेला असतो आणि तो सापडेपर्यंत काम पूर्ण झाले असे समजू नये. नव्या इंपेलरनंतरही इंजिन तापत राहण्याचे हे नेहमीचे कारण आहे. नवा इंपेलर बसवताना त्याला ग्लिसरीन किंवा भांडी घासण्याचा द्रव साबण लावावा, खनिज तेलाचे ग्रीस लावू नये, कारण त्याने रबर फुगते. पाती पंप फिरण्याच्या उलट दिशेला वळलेली राहतील असा तो आत सरकवावा.

हीट एक्स्चेंजरमध्ये जस्ताची कांडी असेल, तर ती दर दोन-तीन महिन्यांनी काढून पाहावी. खाऱ्या पाण्यातील गंज इतर धातूंऐवजी या कांडीला खातो, म्हणून निम्मी झिजताच ती बदलावी. तिच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नये. धातूचा धातूशी संपर्क तुटला तर कांडी असून नसल्यासारखी होते.

जनरेटर जलरेषेच्या खाली बसवलेला असेल, तर नळीच्या उंच वळणावर सायफन, म्हणजे नळीतून पाणी आपोआप आत ओढले जाणे, तोडणारी एक लहान झडप असते. तिच्यात मीठ साचून ती अडकली, तर बंद जनरेटरमध्ये समुद्राचे पाणी हळूहळू भरत जाऊन सिलिंडरपर्यंत पोहोचू शकते. ही झडप वर्षातून एकदा काढून कोमट गोड्या पाण्यात धुवावी. एक्झॉस्टचा कोपर दर दोन-तीन वर्षांनी उतरवून आतील काजळी आणि गंज पाहावा.

याच वाटेवर आणखी एक धोका आहे आणि तो पुरेसा सांगितला जात नाही. जनरेटर सुरू होत नसताना पुन्हा पुन्हा सेल्फ मारला, तर पंप पाणी ढकलत राहतो, पण ते बाहेर फेकायला धुराचा जोर नसतो. मफलर भरतो आणि पाणी उलटे इंजिनात शिरते. म्हणून दोन-तीन प्रयत्नांत जनरेटर सुरू झाला नाही, तर सीकॉक बंद करून मगच पुढचे प्रयत्न करावेत आणि इंजिनने पकड घेताच तो लगेच उघडावा.

ऑइल, डिझेल आणि कूलंट

ऑइल बदलण्याचे अंतर बहुतेक लहान जनरेटरांसाठी १०० ते २५० तासांच्या दरम्यान दिलेले असते. तास भरले नाहीत तरी ते वर्षातून एकदा बदलावेच. इंजिन थोडे गरम करून बंद करावे आणि हातपंपाने डिपस्टिकच्या नळीतून ऑइल ओढून घ्यावे, म्हणजे ते बिल्जमध्ये, बोटीच्या तळाच्या पोकळीत, सांडत नाही. ऑइल दुधाळ दिसले, तर त्यात पाणी शिरले आहे. अशा वेळी जनरेटर सुरू न करता कारण शोधावे. नव्या फिल्टरच्या रबरी कडीला ऑइलचा हात लावून तो हाताने घट्ट करावा. काढलेले ऑइल डब्यात बंद करून अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे द्यावे. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेले ऑइल हा घातक कचरा आहे, आणि समुद्रात तर त्याचा एक थेंबही जाता कामा नये.

डिझेलमध्ये साचणारे पाणी ही दमट किनाऱ्यावरची कायमची अडचण आहे. त्या पाण्याच्या आणि डिझेलच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात आणि त्यांचा काळपट चिकट गाळ फिल्टर बुजवतो. प्राथमिक फिल्टरच्या वाटीतील पाणी दर आठवड्याला काढावे आणि बोट उभी राहणार असेल, तेव्हा टाकी जवळपास भरून ठेवावी. फिल्टर बदलल्यावर डिझेलची एअर काढावी लागते: फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारावा, बुडबुडे थांबून सलग डिझेल येऊ लागले की स्क्रू घट्ट करावा. विजेचा पंप असलेल्या काही जनरेटरांत हे काम आपोआप होते.

कूलंट इंजिन पूर्ण थंड असतानाच तपासावा आणि भर घालताना नळाचे पाणी वापरू नये. पट्टा अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० मिलिमीटर दबावा. बॅटरी स्थिर अवस्थेत १२.६ व्होल्टच्या आसपास असावी.

चालवून पाहणे

सर्व जोडून सीकॉक उघडावा, किल्ली घ्यावी आणि जनरेटर सुरू करताच बाहेर एक्झॉस्टकडे पाहावे. काही सेकंदांत धुराबरोबर पाणी यायला हवे. न आल्यास ताबडतोब बंद करावा. पाच मिनिटांनी एसी किंवा गीझर लावून भार द्यावा. यांत्रिक गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग राखणारी यंत्रणा, असलेल्या जनरेटरची वारंवारता भाराविना ५० हर्ट्झपेक्षा थोडी जास्त, ५२ च्या जवळ असते आणि भाराखाली ती ५० कडे येते. निळसर धूर ऑइल जळत असल्याची खूण आहे, तर काळा धूर जास्त भार किंवा अपुऱ्या हवेची. फक्त एका दिव्यासाठी तासन्‌तास जनरेटर चालवणे मला योग्य वाटत नाही. क्षमतेच्या निदान ३० टक्के भार नसेल, तर डिझेल नीट जळत नाही आणि एक्झॉस्टमध्ये काजळी साचते.

केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवलेला असावा, कारण या वायूला रंग किंवा वास नसतो. जनरेटर चालू असताना बोटीच्या मागे कोणालाही पोहू देऊ नये.

पावसाळ्यापूर्वी

कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर बहुतेक खासगी बोटी जून ते सप्टेंबर उभ्या राहतात. ऑइल या काळाआधी बदलावे, नंतर नव्हे, कारण वापरलेल्या ऑइलमधील आम्ले उभ्या इंजिनाच्या बेअरिंगना खात बसतात. त्यानंतर दोघांनी मिळून सीकॉक बंद ठेवावा, स्ट्रेनर उघडावा आणि एकाने बादलीने गोडे पाणी ओतत असताना दुसऱ्याने जनरेटर काही मिनिटे चालवून बंद करावा. पाणी संपण्याआधी बंद करण्याकडे नीट लक्ष द्यावे. शेवटी इंपेलर काढून ठेवावा, नाहीतर चार महिन्यांत त्याची पाती एकाच बाजूला वाकून कायमची तशीच राहतात. तो काढल्याची चिठ्ठी सुरू करण्याच्या बटणावर चिकटवावी आणि अवर मीटरचा आकडा व केलेली कामे वहीत तारखेसह लिहून ठेवावीत.