लहान मुलांना गोष्ट कशी सांगायची, आणि मधे कुठे थांबायचं

बालवाडीत तीन ते पाच वर्षांच्या पोरांना रोज गोष्ट सांगते मी, बरीच वर्षं झाली. नवीन आईबाबांना लोक सांगतात ना की भरपूर हातवारे करा, प्रत्येक प्राण्याचा वेगळा आवाज काढा, मधेमधे प्रश्न विचारा, ते ऐकलं की वैताग येतो. यातलं काहीच नसलं तरी गोष्ट रंगते.

गोष्ट अशी घ्या की जिच्यात एकच वाक्य परत परत येतं. म्हातारी आणि भोपळा घ्या नाहीतर चिऊ-काऊ. शब्दन् शब्द पाठ करू नका, काय कशानंतर घडतं ते आणि ते परत येणारं वाक्य तेवढं पक्कं ठेवा. खाली बसा, फोन दुसऱ्या खोलीत. एक होती चिऊ एक होता काऊ, चिऊचं घर मेणाचं, काऊचं घर शेणाचं, एकदा काय झालं, मोठ्ठा पाऊस आला आणि काऊचं घर गेलं वाहून. इथपर्यंत कुणालाही जमतं.

आता काऊ चिऊच्या दारात येतो, आणि सगळी गोष्ट या दारातच आहे. "चिऊताई चिऊताई दार उघड." "थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते." परत टकटक. "थांब, माझ्या बाळाला पावडर लावते." मग तीट, मग झबलं, मग झोपवणं. सुरुवातीला मला वाटायचं की हे तेच तेच आहे, मुलं कंटाळतील, म्हणून मी दोनदा टकटक करून पटकन दार उघडायचे, किंवा दर वेळी वाक्य बदलायचे, कधी "अगं चिऊ उघड ना", कधी "मी भिजलोय गं", आणि मुलं पाचव्या मिनिटाला उठून घसरगुंडीकडे. कितीतरी महिने मी आवाज वाढवत राहिले. चूक तिथे नव्हतीच. मोठ्यांना जे तेच तेच वाटतं तोच मुलांचा आधार असतो, पुढे काय येणार हे त्यांना आधी कळतं आणि ते आलं की त्यांना जिंकल्यासारखं वाटतं, आणि मी दर वेळी तो आधारच काढून घेत होते.

तर वाक्य अजिबात बदलायचं नाही. चाल तीच, शब्द तेच, बदलेल ते फक्त अंघोळ, पावडर, तीट. आणि तिसऱ्या टकटकीला "थांब, माझ्या बाळाला..." एवढंच म्हणून खरंच थांबायचं. मनात तीन आकडे मोजा. ही शांतता सांगणाऱ्याला फार जड जाते, वाटतं की आपण विसरलो असं मुलांना वाटेल, आणि आपणच घाईने वाक्य पुरं करतो. करू नका! "म्हणा, म्हणा" असंही करू नका, त्याने गोष्टीची परीक्षा होते. पहिल्या दिवशी कुणीच बोलणार नाही, चालेल, शांतपणे तुम्हीच वाक्य पूर्ण करा. दोन-चार दिवसांत एखादं पोर पुटपुटेल, मग सगळा वर्ग ओरडेल. माझ्याकडे एक मुलगी जूनपासून दिवाळीपर्यंत वर्गात एक शब्द बोलली नव्हती, तिचा पहिला शब्द "तीट" होता, आणि मी त्या दिवशी थांबले नसते तर तो मला ऐकूच आला नसता. कुणी "डायपर घालते" म्हणालं तर चिऊने डायपर घालायचा, मुलाला दुरुस्त करायचं नाही.

मूल घाबरलं तर (भोपळ्याच्या गोष्टीत वाघ येतो तिथे हमखास होतं) वाघ गाळू नका, आवाज खाली आणा, हात धरा आणि लवकर "चल रे भोपळ्या टुणुक टुणुक" वर या.

शेवट घराघरात वेगळा सांगतात, तुमच्या आजीचा होता तोच ठेवा. पण शेवटी "मग आपण काय शिकलो?" कृपा करून विचारू नका. बालशिक्षणाचं मोठं काम केलेल्या गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये गुजरातेत भावनगरला बालमंदिर सुरू केलं, ताराबाई मोडक तिथेच त्यांच्यासोबत काम करायच्या, आणि गोष्ट आनंदासाठी सांगायची, तिला उपदेश चिकटवायचा नाही, हे गिजुभाईंनी तेव्हाच सांगून ठेवलंय. तरी अजून शाळाशाळांतून तात्पर्य चालूच आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मूल "परत" म्हणालं की तीच गोष्ट परत सांगायची, त्याच शब्दांत. आठवडाभर तीच चालली तरी चालू द्या. मग एक दिवस मुलाला चिऊ करा, तुम्ही काऊ व्हा, जमिनीवर टकटक करा आणि ते बाळाचं सगळं आवरून दार उघडेपर्यंत पावसात उभे राहा.