आकडे कधीचे आहेत ते आधी बघा

मेनफ्रेमवर डीबीए (डेटाबेस सांभाळणारे) म्हणून नव्याने रुजू झालेल्यांना ट्यूनिंग, म्हणजे वेग सुधारणं, म्हटलं की पहिला बफर पूल, म्हणजे डेटाची वाचलेली पानं ठेवायची मेमरी, आठवतो. मलाही तोच आठवला होता, आणि त्यात आमचे चार दिवस गेले.

पुण्यातून आम्ही एका बँकेची आयडेंटिटी मॅनेजमेंट यंत्रणा सांभाळत होतो. माणूस रुजू झाला की त्याची खाती उघडायची, बदली झाली की अधिकार बदलायचे, नोकरी सोडली की त्याच दिवशी सगळं बंद करायचं, हे तिचं काम. सॉफ्टवेअर जावामधलं, टिवोली आयडेंटिटी मॅनेजर. विनंत्या, मंजुऱ्या आणि ऑडिट मेनफ्रेमच्या झेड/ओएस या ऑपरेटिंग सिस्टिमवरच्या डीबी२ या डेटाबेसमध्ये. माणसांची माहिती एलडॅप डिरेक्टरीत (माणसांच्या नोंदवहीत), पण तिची साठवण करणाऱ्या टीडीबीएम बॅकएंडखालीही डीबी२च. त्यामुळे स्क्रीनवर काहीही अडकलं की फोन आमच्याकडे यायचा.

रोज रात्री रिकन्सिलिएशन चालायचं. रॅकएफ या मेनफ्रेमच्या सुरक्षा यंत्रणेतली सगळी खाती आणायची आणि डिरेक्टरीशी ताडून बघायची. ते हळूहळू लांबत सकाळच्या कामात घुसायला लागलं. वरिष्ठ मंजुरीचं बटण दाबायचे आणि लॉगमध्ये एसक्यूएल कोड -९११ यायचा, रीझन कोड ००सी९००८ई. म्हणजे लॉकची (दुसऱ्याने धरलेली ओळ सुटण्याची) वाट बघून टाइमआउट झाला आणि ट्रान्झॅक्शन रोलबॅक झालं. हा रीझन कोड नेहमी वाचा. तिथे ००सी९००८८ असेल तर तो डेडलॉक, म्हणजे दोघं एकमेकांची वाट बघत अडकलेले, आणि त्याचा तपास वेगळ्या वाटेने करावा लागतो.

मी परवानगी घेऊन बफर पूलची व्हीपीसाइझ (आकार) दुप्पट केली. वेळ जवळपास तेवढाच लागत राहिला. लॉकची मुदत वाढवावी असंही कुणीतरी सुचवलं, पण त्याने माणसं फक्त जास्त वेळ ताटकळली असती.

पाचव्या दिवशी आमच्या सीनिअर मॅडम माझ्या खुर्चीशेजारी येऊन बसल्या.

"रनस्टॅट्स कधी चालतं गं?"

"रविवारी पहाटे पाचला."

"आणि जुन्या विनंत्यांचा पर्ज?"

"चारला."

रनस्टॅट्स म्हणजे टेबलांची मोजदाद करून आकडे नोंदवणारं काम. उत्तर देता देताच माझ्या लक्षात आलं. वर्कफ्लोची टेबलं पर्जनंतर जवळजवळ रिकामी असतात, आणि आम्ही नेमकी तेव्हाच त्यांची मोजदाद करत होतो. स्पूफीत (एसक्यूएल चालवायच्या स्क्रीनवर) सिसटेबल्सवर, म्हणजे डीबी२च्या कॅटलॉगमधल्या टेबलांच्या नोंदींवर, क्वेरी टाकली. एका टेबलाचा कार्डएफ, म्हणजे ओळींची नोंदवलेली संख्या, होता १४. त्याच टेबलात रिकन्सिलिएशनच्या ऐन भरात लाखांवर ओळी असायच्या.

डीबी२चा ऑप्टिमायझर डेटा वाचण्याचा मार्ग ठरवतो तो कॅटलॉगमधल्या या आकड्यांवरून. १४ ओळींसाठी इंडेक्स कशाला, सगळं टेबल वाचून काढू, असा त्याचा हिशेब, आणि त्या आकड्यांपुरता तो बरोबरच होता. आम्ही एक्सप्लेन स्टेटमेंट कॅश वापरून कॅशमधल्या (तयार करून ठेवलेल्या) स्टेटमेंटचा खरा मार्ग प्लॅन टेबलात उतरवला. ॲक्सेसटाइपच्या रकान्यात 'आर' होता, म्हणजे टेबलस्पेस स्कॅन. असा स्कॅन वाटेतल्या प्रत्येक ओळीला हात लावतो, मग दुसऱ्या कुणी धरून ठेवलेल्या, आपला काही संबंध नसलेल्या ओळीपाशीही अडतो. -९११ तिथून येत होता. मोठा पूल का कामी आला नाही तेही उलगडलं. व्हीपीएसईक्यूटी मुळात ८० असतं, म्हणजे पुलातली ८० टक्क्यांपर्यंत जागा अशा सलग वाचलेल्या पानांनी भरू शकते. आम्ही दिलेली जादा जागा बहुतेक स्कॅननेच खाल्ली.

उपाय साधा होता. रिकन्सिलिएशन अर्ध्यावर असताना शेअरलेव्हल चेंज देऊन (बाकीची कामं चालू ठेवून) रनस्टॅट्स घेतलं आणि ती टेबलं रविवारच्या जॉबमधून काढली. अशी भरती-ओहोटीची टेबलं व्होलाटाइल म्हणून ऑल्टर करण्याचाही मार्ग आहे. मग डीबी२ शक्यतो इंडेक्सनेच जातं.

कोबॉलच्या प्रोजेक्टवरून आलेले मित्र इथे हमखास विचारतात, रीबाइंड केलं का, म्हणजे प्रोग्रॅमचा मार्ग नव्याने ठरवला का? इथले एसक्यूएल जावातून येणारे, डायनॅमिक, म्हणजे चालतानाच तयार होणारे. त्यांचा मार्ग डायनॅमिक स्टेटमेंट कॅशमध्ये बसलेला असतो. आमच्या डीबी२ १०मध्ये रनस्टॅट्स झालं की त्या टेबलाची कॅशमधली स्टेटमेंट आपोआप बाद व्हायची. २०१६मध्ये आलेल्या आवृत्ती १२पासून तसं धरून चालू नका. तिथे इनव्हॅलिडेटकॅश येस स्वतः लिहावं लागतं, नाहीतर आकडे नवे आणि मार्ग जुनाच, असं होऊन बसतं.

बफर पूलचं काम नंतर येतं. बीपी० हा पूल डीबी२च्या स्वतःच्या कॅटलॉग आणि डिरेक्टरीसाठी (एलडॅपच्या नव्हे) राखून ठेवा, ॲप्लिकेशनचे इंडेक्स आणि डेटा वेगळ्या पुलांत टाका. पीजीफिक्स येस करण्याआधी, म्हणजे पूल खऱ्या मेमरीत खिळवण्याआधी, सिस्टिम प्रोग्रॅमरला खरी मेमरी किती शिल्लक आहे ते विचारा, कारण ती फक्त तुमच्या सबसिस्टिमची नसते.

त्या रात्री मी घरून लॉगिन करून एसडीएसएफ (जॉब बघायचा स्क्रीन) उघडून बसले होते. प्लॅन टेबलात आता 'आय' (इंडेक्स) दिसत होता, मॅचकोल्स २, म्हणजे इंडेक्सचे दोन रकाने जुळत होते. रिकन्सिलिएशन पहाटे तीनच्या आत संपलं, सकाळी लॉगमध्ये एकही -९११ नव्हता. वाढवलेला बफर पूल पुढच्या चेंज विंडोत मूळ आकारावर आणला.